मृत्यूची नोंद आहे, कारणाची नाही

२७ जुलै २०२४ रोजी संध्याकाळी दिल्लीतील जुन्या राजेंद्रनगरमध्ये पावसाचे पाणी एका शिकवणी वर्गाच्या तळघरात घुसले आणि तेथील ग्रंथालयात अडकलेले तीन विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी महाराष्ट्रातून दरवर्षी दिल्ली गाठणाऱ्या तरुणांपैकी अनेकांचा मुक्काम याच परिसरात असतो. त्यामुळे ही बातमी पुण्या-नागपुरातील घरांतही धास्तीने वाचली गेली. त्याच आठवड्यात जवळच्या पटेलनगर भागात पाणी साचलेल्या रस्त्यावर विजेचा धक्का बसून आणखी एका परीक्षार्थीचा बळी गेला होता. पुढे गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, राजेंद्रनगरच्या प्रकरणाचा तपास उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, बेकायदा तळघरांना टाळे ठोकण्यात आले. हे सर्व आवश्यकच होते.

परंतु त्या गदारोळात एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. गेल्या दहा वर्षांत दिल्लीत तळघरात पाणी शिरून किती माणसे दगावली? साचलेल्या पाण्यात उतरलेल्या विजेने किती जणांचा जीव घेतला? कोणत्या प्रभागात, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी? ‘पाण्यात बुडून’ आणि ‘विजेच्या धक्क्याने’ मरण पावलेल्यांचा वार्षिक आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात सापडतो. मात्र नदीत बुडालेला पोहणारा आणि तळघरात बुडालेला विद्यार्थी त्या एकाच रकान्यात बसतात. त्यांना वेगळे करून पाहणे, आणि तसे पाहून महापालिकेच्या अभियंत्याला वेळेवर सावध करणे, हे ज्याचे काम आहे असा अधिकारी आपल्या प्रशासनाच्या रचनेत नाही.

अपघाती आणि हिंसक मृत्यूंच्या बाबतीत राज्यसंस्थेची स्मृती कशी तयार होते, याचा विचार त्यासाठी करायला हवा.

दोन वह्या, दोन प्रश्न

माणूस आजाराने गेला तर त्याच्या मृत्यूची एक नोंद होते. अपघाताने, आत्महत्येने किंवा कोणाच्या हातून गेला तर दोन नोंदी होतात, आणि त्या दोन वेगळ्या खात्यांत होतात.

पहिली नोंद जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खालची. प्रत्येक मृत्यूची माहिती २१ दिवसांत स्थानिक निबंधकाकडे जावी, असा दंडक आहे. दिल्लीत हे काम महापालिका, नवी दिल्ली नगरपालिका परिषद आणि छावणी मंडळ यांच्याकडे आहे. रुग्णालयात मृत्यू झाल्यास डॉक्टर ‘नमुना ४’ भरतात. या नमुन्यात केवळ रोगाचे नाव विचारलेले नाही. मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या, मनुष्यवध की ‘तपास प्रलंबित’, असा रकाना त्यात आहे. इजा कशी झाली, असा स्वतंत्र प्रश्नही आहे. म्हणजे कागद करणाऱ्याने योग्य तेच विचारले होते.

दुसरी नोंद पोलिसांची. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ प्रमाणे, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे, अनैसर्गिक मृत्यूचा पंचनामा पोलीस करतात आणि गरजेप्रमाणे प्रेत शवविच्छेदनासाठी पाठवतात. मराठी वृत्तपत्रांत नित्य दिसणारे ‘अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली आहे’ हे वाक्य याच प्रक्रियेतून येते. या नोंदीला एकच गोष्ट ठरवायची असते: यात कोणाचा गुन्हा आहे काय? गुन्हा नसेल तर फाइल बंद होते. असेल तर ती न्यायालयाकडे जाते.

सार्वजनिक आरोग्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा मृत्यू कशामुळे घडला आणि पुढचा टाळण्यासाठी काय बदलावे लागेल? जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणात मृत्यूच्या मूळ कारणाची जी व्याख्या आहे, तीत आजाराबरोबरच ‘ज्या अपघाताच्या किंवा हिंसेच्या परिस्थितीत प्राणघातक इजा झाली ती परिस्थिती’ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘डोक्याला मार’ हे मृत्यूचे कारण लिहिले तर ते अपुरे ठरते. पादचारी रस्ता ओलांडत असता मालमोटारीने धडक दिली, किंवा बांधकामाच्या परातीवरून मजूर पडला, हे कारण. जखमेवरून शल्यचिकित्सकाला उपचार ठरवता येतात. शहराने काय दुरुस्त करावे हे परिस्थितीवरूनच कळते.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. जखमी माणूस रुग्णालयात येतो, वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून त्याची नोंद होते, रुग्णालयातील पोलिसाला वर्दी जाते. माणूस दगावला की प्रेत शवागारात जाते. शवविच्छेदन करणारा डॉक्टर आपले मत तपास अधिकाऱ्याला देतो, निबंधकाला नव्हे. व्हिसेरा न्यायसहायक प्रयोगशाळेत गेला तर उत्तर यायला महिने लागतात. तोवर नातेवाइकांना बँक, विमा, निवृत्तिवेतन यांसाठी मृत्यूचा दाखला हवा असतो, आणि तो अडवून धरणे अमानुष ठरेल. म्हणून हाती असलेल्या माहितीवर नोंद होते: डोक्याला मार, श्वासावरोध, भाजल्याच्या जखमा, किंवा तपास प्रलंबित. पुढे तपास पूर्ण झाला, प्रयोगशाळेचा अहवाल आला, तरी तो निकाल त्या नोंदीपर्यंत आपोआप परत येण्याची वाट नाही.

याचे एक कारण कायद्यातच दडलेले आहे. १९६९ च्या अधिनियमातील कलम १७ प्रमाणे नातेवाइकांना मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचे कारण छापता येत नाही. कुटुंबाच्या खासगीपणाच्या दृष्टीने ही तरतूद योग्य आहे. परंतु तिचा परिणाम असा की, नोंदवहीतला कारणाचा रकाना चुकला तरी त्याची कोणालाच झळ लागत नाही. कुटुंबाला तो दिसत नाही, पोलिसांना त्याची गरज नाही, निबंधकाचे काम मृत्यू मोजण्यापुरते. तो रकाना केवळ सार्वजनिक आरोग्यासाठी ठेवलेला, आणि सार्वजनिक आरोग्याच्या वतीने त्याचा पाठपुरावा करणारे कोणी नाही. देशपातळीवरील स्थिती याहून बिकट. २०२० मध्ये भारतात सुमारे ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित असलेले २२.५ टक्के. रुग्णालयांची दाटी असलेल्या दिल्लीत हे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा बरेच वर आहे. म्हणूनच हा प्रश्न सोडवण्याची सुरुवात दिल्लीपासून व्हावी, अशी अपेक्षा गैर ठरू नये.

सीमा ओलांडणारे रुग्ण, सीमेवर थांबणारी माहिती

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात या गुंत्यात आणखी एक गाठ पडते. कायद्याप्रमाणे मृत्यू जेथे घडला तेथे नोंदवला जातो. पोलीस मात्र घटना जेथे घडली तेथील आकड्यात तो धरतात. गुरुग्रामच्या महामार्गावर जखमी झालेला दुचाकीस्वार सफदरजंग रुग्णालयात किंवा अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या अपघात उपचार केंद्रात दगावला, तर त्याचा मृत्यू दिल्लीच्या नोंदवहीत आणि अपघात हरियाणा पोलिसांच्या. गाझियाबादच्या कारखान्यात भाजलेला कामगार शाहदऱ्याच्या गुरू तेगबहादूर रुग्णालयात गेला, तर तीच गत उत्तर प्रदेशची. गुरुग्रामच्या आरोग्य अधिकाऱ्याने आपल्या जिल्ह्यातील मृत्यूंची नोंदवही चाळली तर तिच्यात आपल्या महामार्गाचा बळी त्याला सापडणारच नाही. दिल्लीच्या नोंदवहीत तो सापडेल, पण कोणत्या रस्त्याचा ते तिथे लिहिलेले नसेल.

राजधानी क्षेत्र नियोजन मंडळ १९८५ च्या कायद्याने अस्तित्वात आले. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांचा रस्ते, पाणी, गृहनिर्माण यांचा एकत्रित विचार ते करते. चार शासनांना एकत्र माहिती ठेवणे अशक्य आहे, असेही नाही. बेपत्ता व्यक्ती, अनोळखी प्रेते आणि चोरीची वाहने यांची माहिती एकमेकांना देण्यासाठी दिल्ली व शेजारच्या राज्यांच्या पोलिसांनी २००४ मध्येच ‘झिपनेट’ ही सामाईक संगणकीय यंत्रणा उभी केली. चोरलेली मोटार राज्याची सीमा ओलांडून गेली तर तिचा माग ठेवण्याची व्यवस्था वीस वर्षांपूर्वी झाली. जखमी माणूस सीमा ओलांडून मेला तर त्याच्या मृत्यूचे कारण त्याच्या जिल्ह्याला कळवण्याची व्यवस्था अजून व्हायची आहे.

मोजणीतून निसटणारी माणसे

या त्रुटीची किंमत किती, याचा अंदाज आरोग्य सर्वेक्षणे आणि पोलिसांचे आकडे शेजारी ठेवले की येतो. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मृत्यूच्या कारणांच्या वैद्यकीय नोंदी आणि सर्वेक्षणे यांच्या आधारे २००१ या वर्षात भारतात आगीने भाजून सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाल्याचा निष्कर्ष काढला. पोलिसांच्या आकड्यापेक्षा हा आकडा सुमारे सहापट होता. त्यांपैकी १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या, आणि त्यांतही १५ ते ३४ या वयातील स्त्रियांचे प्रमाण ठळक होते. ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द कोणत्या मृत्यूंवर पांघरूण घालतात, हे १९७९ च्या सुमारास दिल्लीच्या रस्त्यांवर उतरलेल्या स्त्री संघटनांनी बजावून सांगितले होते. त्यातूनच विवाहानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या स्त्रीच्या संशयास्पद मृत्यूबाबत विशेष तरतूद १९८३ मध्ये, आणि हुंडाबळीचे कलम १९८६ मध्ये आले. कायदा बदलला, मोजण्याची रीत मात्र बदलली नाही. म्हणून दोन दशकांनंतरही एका मृत्यूमागे पाच मृत्यू अदृश्य राहत होते.

आत्महत्यांचे चित्र असेच. ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’वर आधारित २०१२ च्या संशोधनाने २०१० मध्ये सुमारे १ लाख ८७ हजार आत्महत्या झाल्याचा अंदाज दिला, पोलिसांकडील नोंद सुमारे १ लाख ३५ हजारांची होती. आत्महत्येचा प्रयत्न हा दीर्घकाळ दंडनीय गुन्हा होता, आणि पोलीस दारात येणार या भीतीने कुटुंबे अशा मृत्यूला अपघाताचे किंवा आजाराचे नाव देत आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंधक धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण १० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आज मोजणीतच याहून मोठी तफावत असेल, तर उद्या घट झाली की नोंद बुडाली हे कशावरून ठरवायचे?

रस्ते अपघातांच्या बाबतीत तर सरकारचे दोन विभागच दोन आकडे देतात. २०२२ साठी रस्ते वाहतूक मंत्रालय १,६८,४९१ मृत्यू सांगते आणि गुन्हे नोंद विभाग १,७१,१००. दोघांचाही मूळ स्रोत पोलीस ठाणेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साठी केलेला अंदाज २ लाख ९९ हजारांचा होता, तर भारताने कळवलेला आकडा १,५०,७८५. या अंदाजाच्या पद्धतीवर मतभेद होऊ शकतात; पण दुपटीचे अंतर केवळ पद्धतीने निर्माण होत नाही. अपघातानंतर काही आठवड्यांनी घरी किंवा दुसऱ्या रुग्णालयात झालेला मृत्यू ठाण्याच्या वहीपर्यंत पोहोचत नाही, हे त्यामागचे एक कारण. दुसरे अधिक गंभीर. २००५ च्या मृत्यूंवर आधारित एका राष्ट्रीय सर्वेक्षणात रस्त्यावर मेलेल्यांपैकी ३७ टक्के पादचारी असल्याचे आढळले. पोलिसांच्या तत्कालीन आकडेवारीत त्यांचा वाटा याच्या जवळपासही नव्हता. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील दिवंगत प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी हीच गोष्ट अनेक वर्षे सांगत होते. पायी चालणारा आकडेवारीतून नाहीसा झाला की पदपथही अंदाजपत्रकातून नाहीसा होतो. दिल्ली वाहतूक पोलिसांनी अलीकडे आपले वार्षिक अहवाल अधिक तपशीलवार केले, तेव्हा शहरातील रस्ते-बळींत पादचाऱ्यांचा वाटा चाळीस टक्क्यांच्याही वर असल्याचे त्यांच्याच नोंदीतून पुढे आले. नीट मोजले की चित्र बदलते, याचा हा पुरावा आहे आणि त्याचे श्रेय पोलिसांना दिले पाहिजे.

कधीकधी तर केवळ एका शब्दावर सगळे ठरते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की, हाताने मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. मलवाहिन्या आणि मैलटाक्या साफ करताना झालेले मृत्यू सरकार ‘धोकादायक सफाई’ या वेगळ्या शीर्षकाखाली मोजत होते. सप्टेंबर २०१८ मध्ये पश्चिम दिल्लीतील मोतीनगर भागात एका निवासी संकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात उतरलेले पाच कामगार मेले, तेव्हा शवविच्छेदनाच्या भाषेत तो विषारी वायूने झालेला श्वासावरोध. ते मैलापाण्यात उतरले होते, त्यांना कोणी उतरवले, संरक्षक साधने होती का, हे ‘श्वासावरोध’ या शब्दात मावत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपयांची भरपाई बंधनकारक केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. ही रक्कम मृत्यूच्या नोंदीतील शब्दांवर अवलंबून आहे. मृतांच्या याद्या करण्याचे काम मात्र मोठ्या प्रमाणात सफाई कर्मचारी आंदोलनासारख्या संघटनांना करावे लागले.

चौकीदाराच्या वहीपासून

ही रचना आजची नाही. दिल्ली १९१२ पर्यंत पंजाब प्रांतात होती. त्या काळी गावातील मृत्यूची वर्दी चौकीदार पोलीस ठाण्यात देई आणि ती तेथून सिव्हिल सर्जनकडे जाई. महाराष्ट्रातील वाचकांना यात आपला पोलीस पाटील सहज ओळखता येईल. प्रांताच्या आरोग्य आयुक्तांच्या वार्षिक अहवालात पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार असे ठरावीक रकाने असत आणि ‘इजा’ हा त्यांपैकी एक. आत्महत्या, जखमा वा अपघात, सर्पदंश वा श्वापदांनी मारलेले, एवढे तिचे पोटभेद. साम्राज्याच्या आरोग्य खात्याला साथींची चिंता होती, कारण साथ छावणीत शिरे. इजेने मेलेला माणूस हा फौजदारीचा विषय मानला गेला. दीडशे वर्षांनंतर देवी गेल्या, रकाने बदलले. पण ‘इजा म्हणजे पोलीस’ ही वाटणी तशीच राहिली.

याला एक अपवाद मुंबईत होता. १८७१ च्या कायद्याखाली मुंबईत कॉरोनरचे न्यायालय चाले. गुन्हेगार कोण हे ठरवणे फौजदारी न्यायालयाचे काम. हा माणूस कसा मेला, एवढेच ठरवणे कॉरोनरचे. गिरणीतला अपघात असो वा चाळ कोसळणे, या प्रश्नाला स्वतंत्र व्यासपीठ होते. विलंब आणि दुहेरी काम या तक्रारींवरून १९९९ मध्ये ही पद्धत बंद झाली. तिचे पुनरुज्जीवन करावे, असे मी सुचवत नाही. मात्र तो प्रश्न विचारणारी जागा रद्द केल्यावर तो दुसऱ्या कोणाकडे सोपवायला हवा होता. तो सोपवला गेला नाही.

मोजणीचे काम केवळ पोलिसांच्या कागदांवर टाकले की काय होते, याचा सर्वांत वेदनादायक धडा दिल्लीनेच दिला आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ नंतरच्या दिवसांत राजधानीत शिखांचे शिरकाण झाले. अनेक प्रेते जाळली गेली. कित्येक खून एकाच प्राथमिक माहिती अहवालात कोंबले गेले. कित्येकांची तक्रारच घेतली गेली नाही. किती माणसे मारली गेली, एवढा एकच प्रश्न ठरवण्यासाठी १९८७ मध्ये आहुजा समिती नेमावी लागली आणि तिने त्याच वर्षी २,७३३ हा आकडा निश्चित केला. देशाच्या राजधानीत दिवसाढवळ्या झालेल्या हत्यांची संख्या सरकारला सांगता यायला जवळपास तीन वर्षे गेली. दरम्यान विधवांना आपला पती होता आणि तो मारला गेला, हे प्रतिज्ञापत्रांवर सिद्ध करावे लागले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यातली एक बाब महत्त्वाची वाटते. ज्या यंत्रणेच्या वर्तनावरच संशय आहे, त्याच यंत्रणेच्या हाती मृतांची एकमेव यादी असणे हा लोकशाहीत धोका आहे. आरोग्य खात्याची स्वतंत्र नोंद हे अशा वेळी दुसरे साक्षीपत्र ठरते.

इतरांनी काय केले

कोलंबियातील काली शहर १९९० च्या दशकारंभी खुनांनी पोखरले होते. १९९२ मध्ये महापौर झालेले रॉड्रिगो गेरेरो हे पेशाने साथरोगतज्ज्ञ. त्यांनी पोलीस, न्यायवैद्यक आणि आरोग्य विभाग यांना दर आठवड्याला एका टेबलाशी बसवले आणि प्रत्येक खुनाची नोंद तिघांच्या कागदांवरून जुळवून घ्यायला लावली. खुनांमागे प्रामुख्याने अमली पदार्थांच्या टोळ्या आहेत, हा समज होता. नोंदी जुळल्या तेव्हा सुट्टीच्या रात्री, मद्य आणि हाताशी असलेले पिस्तूल यांचा वाटा फार मोठा असल्याचे दिसले. रात्री उशिराच्या मद्यविक्रीवर आणि ठरावीक दिवशी शस्त्र बाळगण्यावर निर्बंध आले. निर्बंधांच्या दिवसांत खून घटले. वेल्समधील कार्डिफ येथे शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांनी आपत्कालीन विभागात येणाऱ्या जखमींकडून केवळ जागा, वेळ आणि शस्त्र एवढी माहिती, नाव वगळून, पोलीस व नगर परिषदेला देण्याची प्रथा पाडली. पोलिसांपर्यंत न पोहोचणारी हिंसा तीतून दिसू लागली. अमेरिकेने २००२ पासून मृत्यू दाखला, न्यायवैद्यक अहवाल आणि पोलीस नोंद जोडणारी हिंसक मृत्यूंची राष्ट्रीय नोंदप्रणाली उभारली. तिला सर्व पन्नास राज्यांत पोहोचायला २०१८ साल उजाडले.

हे परदेशातच शक्य आहे, असे कोणी म्हणू नये. बंगळूरमध्ये ‘निम्हान्स’ने प्राध्यापक गुरुराज यांच्या पुढाकाराने पोलीस आणि रुग्णालये यांच्या नोंदी एकत्र पाहण्याचा प्रयोग २००७ पासून केला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. तेथे प्रत्येक अपघाताची जागा आणि कारण तपासून कठडे, वळणे, थांबलेली वाहने यांवर उपाय झाले, आणि टाळेबंदीपूर्वीच २०१९ मध्ये हा आकडा शंभराच्या आत आला. या मार्गावरून जाणाऱ्या मराठी वाचकाला यापेक्षा जवळचे उदाहरण नको.

पाच सोप्या गोष्टी

दिल्लीसाठी उपाय अवघड नाहीत. पहिला, एकच क्रमांक. पोलिसांची गुन्हे माहिती प्रणाली, रस्ते अपघातांची ‘आयरॅड’, शवविच्छेदनाची ‘मेडलीपर’ आणि नागरी नोंदणीची प्रणाली या सगळ्या संगणकावर आल्या आहेत. प्रत्येकीत त्याच मृत्यूचा क्रमांक वेगळा. शवविच्छेदनाचा क्रमांक मृत्यूच्या नोंदीवर लिहिणे सक्तीचे केले, तरी निम्मे काम होईल. दुसरा, दोन टप्प्यांतील कारण. पहिल्या दिवशी तात्पुरते कारण लिहावे, दाखला अडवू नये. सहा महिन्यांनी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने परिस्थितीविषयीचे अंतिम मत थेट निबंधकाला कळवावे. तिसरा, दर महिन्याला महापालिकेच्या प्रत्येक विभागात आरोग्य अधिकारी, पोलीस, न्यायवैद्यक आणि अभियंता यांची बैठक, आणि तिच्यापुढे फक्त या मृत्यूंची यादी. चौथा, मृत्यूच्या नोंदीत निवासाचा पत्ता असतोच. घटनास्थळ त्यात जोडून परजिल्ह्यातील मृत्यूची प्रत त्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला जावी. राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाला हे समन्वयाचे काम शोभेल. पाचवा, नावे वगळून प्रभागवार गोषवारा दरवर्षी प्रसिद्ध व्हावा.

आक्षेप येतील आणि ते बिनबुडाचे नाहीत. तपासाची गोपनीयता हा त्यांतील मोठा. परंतु ‘पुलावरून पडून’ किंवा ‘धारदार शस्त्राने’ एवढे सांगितल्याने आरोपी सुटत नाही. आरोग्याच्या नोंदीला आरोपीचे नाव नकोच आहे. डॉक्टरांना भीती असते ती न्यायालयात साक्षीला खेचले जाण्याची. म्हणून सांख्यिकीसाठी दिलेले हे मत पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे नियमात स्पष्ट लिहावे. खासगीपणाचा प्रश्न लहान प्रभागांत खरा आहे. तेथे काही वर्षांचे आकडे एकत्र करून द्यावेत. २०२३ च्या दुरुस्तीने प्रत्येक रुग्णालयाला, ते सरकारी असो वा खासगी, मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य देणे बंधनकारक केले आणि त्याची प्रत नातेवाइकांना मिळण्याची सोय केली. कारणाच्या रकान्याकडे पाहणारा एक डोळा यामुळे प्रथमच निर्माण झाला आहे. या संधीचा उपयोग नियम करणाऱ्यांनी करून घ्यावा.

नोंद सुधारली की मृत्यू आपोआप थांबतात, असा भाबडा दावा येथे नाही. १३ जून १९९७ रोजी उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली. ८ डिसेंबर २०१९ रोजी अनाज मंडीतील कारखान्यांच्या इमारतीत ४३, आणि १३ मे २०२२ रोजी मुंडका येथे २७. प्रत्येक वेळी चौकशी झाली, कारणे कळली, तरी पुढची आग लागलीच. कळलेल्या गोष्टीवर कृती करणे ही राजकीय इच्छाशक्तीची बाब आहे आणि कोणतीही वही तिची जागा घेऊ शकत नाही. मात्र अशा दुर्घटनांत बळींची संख्या मोठी असते, म्हणून निदान चौकशी तरी होते. दिल्लीत आणि तिच्या भोवतालच्या शहरांत रोज एकेकटी माणसे मरतात: रस्ता ओलांडणारा, परातीवरून पडणारा, गटारात उतरलेला, स्वयंपाकघरात भाजलेली. त्यांच्यासाठी कोणी समिती नेमत नाही. महापालिकेची नोंदवही हीच त्यांच्या वाट्याला येणारी एकमेव चौकशी असते, आणि ती पूर्ण करण्याची जबाबदारी कोणाची, हे सरकारने लेखी ठरवायला हवे.